एक वस्तू, नाव मागाहून

"यंत्र देऊन टाकलं," नॉर्ब म्हणाला आणि बटाट्याच्या धिरड्यावर सफरचंदाचा गर पसरू लागला. येताना पाव आणला असं सांगावं, तसा त्याचा सूर होता.

लोरेटा तव्यापाशी उभी होती. "कुठलं यंत्र?"

"बर्फाचं. वाटेवरचा बर्फ उडवायचं."

"देऊन टाकलं म्हणजे? दुरुस्तीला?"

"दुरुस्तीला कशाला? झकास चालतंय. म्हणून तर भाव आला. क्लेमला दिलं. सौदा झाला."

लोरेटाने तव्याखालची आच बारीक केली. नवऱ्यापुढे आवाज चढवायचा नाही असा तिचा नेम होता, आणि तो टिकवायचा तर कशाची ना कशाची आच आधी कमी करावी लागे. खिडकीबाहेर मिल्वॉकीचं आभाळ सरोवराच्या बाजूने शिशासारखं होत चाललं होतं. थँक्सगिव्हिंगची टर्की केव्हाच संपली होती. येत्या रविवारी ख्रिसमसच्या आधीचा आगमनकाळ सुरू होणार होता.

"बदल्यात काय मिळालं?" तिने विचारलं.

"सॉसेज भरायचं यंत्र, पत्त्यांचं घडीचं टेबल, आणि एक वस्तू."

"कुठली वस्तू?"

"नाव मागाहून."

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरात संपतो, तेव्हा नवख्या बायकांना वाटतं की आता घर शांत होईल. लोरेटाचं लग्न जुनं होतं. खेळ चालू असतो तोवर माणसं निदान खेळ तरी बघतात. खरा ताप तो संपल्यावर. मग कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं, कुठला करार संपलेला मोकळा खेळाडू कुठे जाणार, यावर थेट वसंतापर्यंत तोंडं थांबत नाहीत. यंदा तर पहिल्याच आठवड्यात संघाने लोमॅक्सला देऊन टाकलं होतं. लोमॅक्स म्हणजे आपला सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा पिचर, चेंडू टाकणारा गडी. बदल्यात आली दोन मिसरूड न फुटलेली पोरं आणि 'एक खेळाडू, नाव मागाहून'. आज हातातला माल द्यायचा आणि बदल्यात काय घ्यायचं ते पुढे कधीतरी ठरवायचं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं करणाऱ्याला घरचे लोक डॉक्टरकडे नेतील. बेसबॉलमध्ये त्याला दूरदृष्टी म्हणतात.

नॉर्बला ती दूरदृष्टी पटली होती. क्लेमला नव्हती. क्लेम हा लोरेटाचा धाकटा भाऊ. शेजारच्याच घरात राहायचा, आणि दोन्ही घरांच्या गाड्यांच्या वाटांमध्ये हातभर गवताची पट्टी काय ती होती. त्या पट्टीवर उभे राहून दोघे मेहुणे चार दिवस भांडले. पाचव्या दिवशी क्लेम म्हणाला, "भरवशाचा गडी देऊन कोणी कच्ची पोरं घेतं का? तू तुझं बर्फाचं यंत्र देशील असं?" आणि नॉर्ब म्हणाला, "आत्ता देतो."

"पण अरे," लोरेटा म्हणाली, "ते यंत्र आपल्याला लागतं."

"लोमॅक्सही लागत होता. पण म्हातारा झाला. यंत्रही म्हातारं झालंय. भाव आहे तोवर विकायचं असतं."

"आणि बर्फ पडला की?"

"फावडं आहे की. आणि ती वस्तू यायची आहे अजून. क्लेमच्या गॅरेजमधलं काहीही मागू शकतो मी. विचार कर, लोरेटा, काहीही."

लोरेटाने विचार केला. क्लेमचं गॅरेज तिने पाहिलं होतं.

तिची काळजी वेगळीच होती, आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती. चार हिवाळ्यांपूर्वी क्लेमच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. इस्पितळाच्या बाकावर बसून तिने नवस केला होता, की हा उठून घरी आला तर दर आगमनकाळात रोज पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवणार नाही. त्यांच्या चर्चमध्ये ही मिस्सा पोलंडहून आलेल्या आजोबा-पणजोबांच्या रिवाजाने चालते. सगळे दिवे मालवलेले, हातात एकेक मेणबत्ती, आणि गौरवगीत सुरू झालं की एकदम दिवे लागतात. तो काळोख तिला प्रिय होता. आजवर ती एकदाही दिवे लागल्यावर पोचली नव्हती. नवसाचं तिने क्लेमला कधी सांगितलं नाही. सांगितलं की त्याची जाहिरात होते, असं तिचं मत. आजवर बर्फ पडला की नॉर्ब पहाटे उठून यंत्राने आपली वाट साफ करी, आणि क्लेमला फावडं उचलायची डॉक्टरांची मनाई म्हणून कुरकुरत का होईना, त्याचीही करी. आता यंत्र गवताच्या पट्टीपलीकडे गेलं होतं.

आगमनकाळाच्या पहिल्याच मंगळवारी घोट्यापेक्षा वर बर्फ पडला.

लोरेटा कोट घालून बाहेर आली तेव्हा क्लेम कानटोपी घालून यंत्र चालवत होता. त्याच्या वाटेवर काळं डांबर दिसत होतं, जणू नुकतीच इस्त्री फिरवलीय. गवताच्या पट्टीशी येऊन तो अगदी काटेकोर थांबे आणि यंत्र वळवून परत जाई. यंत्राच्या तोंडातून उडालेला बर्फ मात्र थांबत नसे. तो पट्टी ओलांडून नॉर्बच्या टोपीवर पडत होता.

"तोंड फिरव त्याचं," नॉर्ब फावड्यावर रेलून म्हणाला.

"वारा सरोवराकडून आहे, त्याला मी काय करू?" क्लेमने यंत्र बंद केलं. "बाकी काय भावोजी, पोरं कशी खेळतायत तुमची?"

"त्यांना वेळ द्यावा लागतो. दोन वर्षांनी बघ."

"दोन वर्षं हा बर्फ नाही थांबायचा." क्लेमने हातमोजे झटकले. "हे बघ, मी काही राक्षस नाही. एक वाक्य बोल. 'लोमॅक्सला द्यायला नको होतं.' एवढंच. बोललास की कॉफी निवायच्या आत तुझी वाट साफ करून देतो."

"कंबर मोडली तरी बोलणार नाही."

"नॉर्ब," लोरेटा हळूच म्हणाली, "सहा वाजून गेलेत."

"लोरेटा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्या दिवशी ती मेणबत्त्या पेटत असताना कशीबशी पोचली. गुडघ्यापर्यंतचे बूट भिजले होते. दुसऱ्या दिवशी तिने क्लेमला एकट्याला गाठलं.

"क्लेम, मला पहाटे मिस्सेला जायचं असतं. तुला ठाऊक आहे."

"लोरे, तुझ्याशी माझं भांडण आहे का? मी तर तुला गाडीतूनच सोडलं असतं, पण बेव्ह पाचलाच गाडी घेऊन जाते." बेव्ह म्हणजे त्याची बायको; इस्पितळात नर्स होती. "पण तुमची वाट मी साफ केली की नॉर्ब काय म्हणणार? बघा, सौदा चांगलाच होता, यंत्र गेलं तरी वाट साफच. म्हणजे लोमॅक्सला दिलं ते बरोबर ठरलं. मी हे कसं होऊ देऊ? तू त्याच्याकडून ते वाक्य काढून घे, उद्या मी स्वतः येतो."

लोरेटाने घरी येऊन ते वाक्य काढून घ्यायचा प्रयत्न केला. नॉर्ब म्हणाला, मी मेल्यावर दगडावर कोरून घ्या, पण माझ्या तोंडून नाही.

त्याच्यापाशी दुसरी योजना होती. डेल नावाचा एक माणूस ट्रकला फाळ लावून लोकांच्या वाटा साफ करून देई. पूर्वीचं मोठं गिऱ्हाईक गाव सोडून गेल्याने यंदा तो रिकामा होता. नॉर्बच्या भाषेत, मोकळा खेळाडू.

"मग फोन कर त्याला," लोरेटा म्हणाली.

"आत्ता? आत्ता तो वाटेल ते मागेल. पूर्ण हंगामाचा करार हवाय त्याला. सुरुवातीला घाई करतात ते फसतात. थांबायचं. बाजार थंड झाला की तोच फोन करेल."

"आणि तोवर?"

"तोवर आपण उत्सुक नाही असं दाखवायचं."

गुडघाभर बर्फाआड बंद गॅरेज असलेला माणूस आपण उत्सुक नाही असं कोणाला दाखवणार होता, हे लोरेटाला कळेना. नॉर्ब तीन दिवस फोन पालथा ठेवून बसला. चौथ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी समोरच्या दंतवैद्याच्या वाटेत डेलचा ट्रक शिरला. दोन फेऱ्यांत वाट मोकळी झाली. दंतवैद्याने दारातूनच त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला आणि दोघांनी हात मिळवले.

"घे," लोरेटा म्हणाली. "झाला करार."

"पूर्ण हंगामाचा केला असणार." नॉर्बने मान हलवली. "पस्तावतील. त्या ट्रकचे गुडघे गेलेत."

गुडघे नाही, पण कंबर गेली. तीही ट्रकची नव्हे. पुढच्या सोमवारी पुन्हा बर्फ पडला. नॉर्बने वाट साफ केली, फावडं भिंतीला लावलं, आणि तेवढ्यात नगरपालिकेची बर्फगाडी रस्ता साफ करत आली आणि रस्त्यावरचा सगळा घट्ट, खडकासारखा बर्फ त्याच्या वाटेच्या तोंडाशी ढकलून निघून गेली. नॉर्बने त्या ढिगात फावडं खुपसलं, उचललं, आणि अर्ध्यातच थांबला. तो तसाच काटकोनात वाकून आत आला आणि कोचावर आडवा झाला.

तिथून पुढे फावडं लोरेटाच्या हाती आलं.

बुधवारी ती चार वाजता उठली, तरी पुरलं नाही. शेवटी फावडं तिथेच टाकून ती पायी निघाली. आणखी कोणाला गाडी घेऊन बोलवावं हे तिच्या मनाला पटत नव्हतं. नवस आपण करायचा आणि तंगडतोड दुसऱ्याने करायची, हे कसं. फुटपाथ निसरडे होते. लोकांच्या कुंपणांना धरधरून ती चर्चच्या पायऱ्यांशी पोचली आणि दार उघडलं. आत लख्ख उजेड होता. गौरवगीताचा शेवटचा चरण चालू होता.

ती शेवटच्या बाकावर बसली. हातातली न पेटवलेली मेणबत्ती तिने पर्समध्ये ठेवली. मग नेहमीप्रमाणे डोळे मिटून म्हणाली, प्रभू, माझ्या भावाला सुखरूप ठेव. त्याच्या हृदयाला बळ दे. आणि ताबडतोब तिच्या मनात आलं, की त्या यंत्राचा पट्टा मात्र तुटू दे. तिने घाईघाईने कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली. ज्याच्यासाठी नवस, तोच नवसाच्या आड उभा, तोही कानटोपी घालून. हे देवाला कसं समजावून सांगायचं, ते तिला सुचेना.

बाहेर पडताना फादर कॅझिमिर दारात उभे होते. "आज उशीर झाला, लोरेटा."

"हो, फादर."

"बर्फ?"

"बेसबॉल."

फादरनी समजूतदारपणे मान हलवली. त्यांनी लोमॅक्सबद्दल रविवारच्या प्रवचनात एक शब्दही काढला नव्हता, आणि त्यासाठी त्यांना किती संयम ठेवावा लागला हे चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या दुपारी लोरेटा जपमाळ घेऊन बसली. कोचावर नॉर्ब शेकायची पिशवी कंबरेखाली घेऊन रेडिओ ऐकत होता. रेडिओवर लोक फोन करकरून विचारत होते, की तो नाव मागाहूनचा खेळाडू अजून का जाहीर होत नाही. जपमाळेच्या मध्यावर, तिसऱ्या रहस्याच्या प्रार्थनेपाशी लोरेटाची बोटं थांबली. इतक्या वर्षांत तिने बेसबॉल कधी कान देऊन ऐकला नव्हता. पण न ऐकताही माणसाच्या डोक्यात किती साठतं, ते तिला त्या क्षणी कळलं. तिने उरलेली जपमाळ पूर्ण केली. मन जागेवर नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

"नॉर्ब, त्या वस्तूचं नाव कधी सांगणार तू?"

"घाई नाही. संघ आपला खेळाडू जाहीर करेल, मग मी. क्लेमनं मासेमारीची झोपडी राखीव नाही ठेवली, तर मी तीच उचलणार."

"तू मासे कधी धरतोस?"

"मी नाही धरत. पण त्याच्याकडे राहणार नाही ना."

"परवा शुक्रवार आहे. चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण आहे. तू येणार?"

नॉर्बने उठायचा प्रयत्न केला आणि बेत सोडला. "तू जा. माझा डबा आण. राय ब्रेड जास्त घे."

"तू जखमींच्या यादीत आहेस," लोरेटा म्हणाली. "मग संघ कोण चालवतंय?"

नॉर्बने छताकडे पाहिलं. नियमाचा प्रश्न होता आणि नियमाला तो मान देई. "हंगामी म्हणून तू," तो म्हणाला. "पण मोठे निर्णय घ्यायचे नाहीत."

हंगामी असलं तरी लोरेटाला तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी हॉलमध्ये तळलेल्या माशाचा वास कोटांत शिरत होता. लांब टेबलांवर कोबीची कोशिंबीर, धिरडी, लोणी लावलेला राय ब्रेड. क्लेम मधल्या टेबलावर बसून सौद्याची हकिकत सगळ्यांना पुन्हा सांगत होता. ऐकणाऱ्यांत म्हातारा एल्मर होता. जन्मभर शाळांच्या सामन्यांत पंच होता आणि निवृत्त झाल्यावरही त्याने ते काम सोडलं नव्हतं. लोरेटा आपली थाळी घेऊन समोर येऊन बसली.

"ये लोरे," क्लेम म्हणाला. "पेशंट कसा आहे?"

"पडून आहे. मी त्याच्या वतीने आलेय. त्या वस्तूचं नाव सांगायला."

टेबलावरचे काटे थांबले. क्लेमने ओठ पुसले. "थांब. आधी मी राखीव काय काय ते सांगतो. तसं ठरलंय. एल्मर, ठरलंय ना? प्रत्येक संघ आपले काही गडी राखीव ठेवतो."

"ठेवतो," एल्मर म्हणाला. "पण एकदा सांगितलं की मागून भर नाही."

"नाही घालत." क्लेमने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "माझी होडी. बर्फावरच्या मासेमारीची झोपडी. बर्फाला भोक पाडायचा गिरमिट. गॅरेजमधला टीव्ही. बीअरचा फ्रीज. बोलिंगचे दोन्ही चेंडू. हत्यारांची पेटी. गवत कापायचं यंत्र. पप्पांची खुर्ची. झालं."

"मग राहिलं काय?" कोणीतरी विचारलं.

"मोडका पंखा आहे. अर्धी पिशवी मीठ आहे. एक घसरगाडी आहे, तिला एकच दोरी आहे." क्लेमने प्रेमाने बहिणीकडे पाहिलं. "मीठ घे, लोरे. तुझ्या उपयोगाचं आहे."

लोरेटाने माशावर लिंबू पिळलं. "राखीव सोडून गॅरेजमधली कोणतीही वस्तू?"

"कोणतीही."

"मग आम्ही बर्फाचं यंत्र घेतो."

क्लेम हसायला लागला आणि मध्येच थांबला. "ते कसं? ते तर तुमचंच होतं."

"होतं. आता तुझं आहे. तुझ्या गॅरेजमध्ये आहे. राखीव म्हणालास का तू?"

"अगं पण ते सौद्यातलं आहे. त्याच्याच बदल्यात ही वस्तू द्यायची आहे. यंत्राच्या बदल्यात यंत्रच कसं देऊ?"

"पप्पा काय सांगायचे?" लोरेटाने शांतपणे विचारलं.

 त्यांचे पप्पा दर हिवाळ्यात एक गोष्ट सांगत, सगळ्यांना पाठ होईपर्यंत सांगत. पूर्वी एका संघाने आपला एक कॅचर दुसऱ्याला दिला होता, 'एक खेळाडू, नाव मागाहून' या बोलीवर. महिन्या-दोन महिन्यांनी नाव कळवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तोच कॅचर परत पाठवला. गडी स्वतःच्याच बदल्यात विकला गेला. हे सांगून पप्पा इतके हसत की त्यांना खोकल्याची उबळ येई.

"तो सौदा धरला होता," एल्मर म्हणाला. "कोणी हरकत घेतली नाही. मीही घेत नाही."

"एल्मर, तू माझ्या टेबलावर जेवतोयस."

"म्हणून काय झालं? यंत्र तिचं."

टेबलावर हशा उसळला. क्लेमने दोन्ही हात वर केले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं नव्हतं. "पप्पा असते तर तुला खांद्यावर घेऊन नाचले असते," तो म्हणाला. "पण सॉसेजचं यंत्र परत देशील ना?"

"ते सौद्यात आलंय," लोरेटा म्हणाली आणि नॉर्बचा डबा भरायला उठली. जिन्यावर तिच्या लक्षात आलं की ती गालातल्या गालात हसतेय. सख्ख्या भावाला भर हॉलमध्ये लुबाडून माणसाला इतकं बरं वाटावं, हे काही ठीक नव्हतं. शनिवारी चर्चमध्ये पापाची कबुली देऊन टाकायची असं तिने ठरवलं.

फादर कॅझिमिरनी जाळीपलीकडून सगळं ऐकून घेतलं.  मग हळू आवाजात विचारलं, "सॉसेजचं यंत्र तुमच्याकडेच राहिलं?"

"हो, फादर."

"आणि टेबल?"

"तेही."

"हं," फादर म्हणाले, आणि त्यात कौतुक होतं असं तिला उगाच वाटलं.

सोमवारी पहाटे पुन्हा बर्फ. लोरेटाने दोरी ओढली, यंत्र पहिल्याच झटक्याला धडधडलं, आणि तिची वाट बघता बघता मोकळी झाली. अजून वेळ होता. ती समाधानाने यंत्र आत न्यायला वळली, तर पलीकडे दार उघडलं आणि क्लेम बाहेर आला. अंगात झोपेचा डगला, पायांत बूट, हातात फावडं.

"क्लेम, ते खाली ठेव."

"वाट कोण साफ करणार? माझं यंत्र तर गेलं."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना सौद्याचं ठाऊक नव्हतं." त्याने फावडं बर्फात खुपसलं.

लोरेटा गवताच्या पट्टीशी उभी राहिली. या माणसाचं हृदय चालू राहावं म्हणून गेले चार हिवाळे ती काळोखात मेणबत्ती धरून उभी राहत होती, आणि हा माणूस ते हृदय घेऊन तिच्याच समोर बर्फ उपसत होता. तिने काही न बोलता यंत्र पट्टीवरून पलीकडे नेलं. क्लेमच्या हातातलं फावडं काढून घेतलं, त्याला घरात जायची खूण केली, आणि त्याचीही वाट साफ केली. क्लेम खिडकीत कॉफी पीत उभा राहिला. एका कोपऱ्यात राहिलेला बर्फ त्याने बोटाने दाखवलाही.

मिस्सेला ती धापा टाकत पोचली, गौरवगीताच्या एक ओळ आधी.

परतल्यावर स्वयंपाकघरात दोघे मेहुणे बसले होते. मध्ये बेव्हने पाठवलेला क्रिंगल, गोड सारण भरलेला पाव, कापून ठेवला होता. नॉर्ब उशी घेऊन खुर्चीत ताठ बसला होता.

"हिशोब साधा आहे," क्लेम सांगत होता. "मी यंत्र दिलं. मिळालं काय? तेच यंत्र, वर चालवणारीसकट. वाट साफ, पेट्रोल तुमचं, गॅरेजमध्ये जागाही तुमचीच अडली. कोण जिंकलं?"

"आम्ही," नॉर्ब म्हणाला. "यंत्र आलं, सॉसेजचं आलं, टेबल आलं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. लोमॅक्सच्या बाबतीतही बघशील तू."

"बघण्यासारखं काय उरलंय? तुझा सगळ्यात भरवशाचा गडी माझ्या मैदानात खेळतोय."

"हंगामी निर्णय होता तो."

"बरोबर आहे," लोरेटा म्हणाली. ती अजून कोटातच होती. दोघांनी वळून पाहिलं, कारण ती खुर्ची ओढून बसली होती, आणि बेसबॉलच्या गोष्टीत ती कधी बसत नसे. "पण मला एक सांगा. माझा करार कोणाशी झालाय?"

दोघे एकमेकांकडे बघू लागले.

"तुझा कसला करार?" नॉर्बने विचारलं.

"तेच म्हणते मी. कोणाशीच नाही. म्हणजे मी मोकळी आहे. यंत्र तुमचं असेल, चालवणारी तुमची नाही. उद्या मी दंतवैद्याकडेही जाऊ शकते."

क्लेमने क्रिंगलचा तुकडा खाली ठेवला. "काय हवंय तुला, लोरे?"

"दोन्ही वाटा मी साफ करीन, नॉर्बची कंबर बरी होईपर्यंत. बदल्यात ख्रिसमसपर्यंत रोज पहाटे तुम्ही दोघं माझ्याबरोबर मिस्सेला यायचं. वेळेवर. आणि चर्चमध्ये बेसबॉलचा शब्द काढायचा नाही."

"शब्दच नाही?" नॉर्बचा चेहरा पडला. "तिथे तर एल्मर असतो."

"पूर्ण मिस्साभर कसं जमेल, लोरे?" क्लेम म्हणाला. "खेळाडूही मधला मार्ग काढतात."

लोरेटाला घासाघीस करायची सवय नव्हती, आणि पहाटेचा तो काळोख तेवढा तिला शांत हवा होता. "बरं. दिवे लागेपर्यंत तरी नाही."

"दिवे लागेपर्यंत," नॉर्ब म्हणाला.

"दिवे लागेपर्यंत," क्लेम म्हणाला, आणि त्यांनी तिच्याशी हात मिळवले. इतक्या चटकन दोघांचं एकमत झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोघांच्या मध्ये उभी होती. एका हाताला नॉर्ब, कंबरपट्टा बांधून, एका हाताला क्लेम. चर्च काळोखं होतं आणि तिघांच्या मेणबत्त्या स्थिर जळत होत्या. कोणी चकार शब्द काढला नाही. क्लेमचा संथ श्वास तिला जवळून ऐकू येत होता. या हिवाळ्यात प्रथमच तिने भावासाठीची प्रार्थना मनात पट्ट्याबिट्ट्याचं काही न येता पूर्ण केली, आणि तिचे डोळे भरून आले.

घंटा वाजली. गौरवगीताचा पहिला सूर उठला आणि सगळे दिवे एकदम लागले.

"डावखुरा आहे म्हणे," नॉर्ब तिच्या डोक्यावरून कुजबुजला. "तो नाव मागाहूनचा. काल रेडिओवर सांगत होते."

"कोपर गेलंय त्याचं," क्लेम तिच्या कानाशी म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

पुढच्या बाकावरून एल्मर वळला. "उजवं गेलंय," तो म्हणाला. "डावं चांगलं आहे."

लोरेटाने मेणबत्ती विझवली. अर्ध्याहून जास्त मिस्सा अजून बाकी होती, आणि करारात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.